वहीसाठी घरजावई

लोक मला बायोडाटा द्यायचे आणि भाऊंना खरं सांगायचे. बारा वर्षं मी हे शेजारी बसून पाहिलं.

रिसोडला बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची दोन दुकानं एकमेकांना चिकटून होती. मूळचा गाळा एकच. मालकाने मध्ये प्लायवूड ठोकून त्याचे दोन केले. अलीकडे माझं ब्लाउज शिवायचं दुकान, पलीकडे भाऊंचा फोटो स्टुडिओ. आणि दोघांचा जोडीचा उद्योगही एकच, सोयरिकी जुळवणं. मी जमवलेल्या लग्नात साडी घ्यायची. भाऊ जेवायलाही थांबायचे नाहीत. अक्षता टाकल्या की निघाले. मला हेही डाचायचं, कारण लोक त्याचीही तारीफ करायचे.

सत्तरीला टेकलेल्या या माणसाला लहानमोठे सगळेच भाऊ म्हणत. उंच, वाळलेले, आणि एक डोळा बारीक करून बघायची सवय. चाळीस वर्षं कॅमेऱ्यात पाहून तो डोळा तसाच राहिला होता. तालुक्यातल्या कितीतरी मुलींचे दाखवायचे फोटो त्यांनी काढले, पुढे त्या मुलींच्या मुलींचेही काढले. फोटो काढताना मुलगी घाबरलेली असते, सोबतची मावशी बडबडत असते आणि फोटोवाला गप्प असतो. अशा खोलीत माणसं बोलून जातात. त्यातून भाऊ सोयरिकीत पडले. मी मापं घेते. माप देतानाही बायका बोलतात, पण माझ्याशी त्या जावेबद्दल आणि नणंदेबद्दल बोलायच्या. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की ब्लाउजची पिशवी उचलून पलीकडे जायच्या.

पलीकडे कोणी बोलायला बसलं की भाऊ आधी स्वतःचा मोबाइल बंद करून स्टीलच्या डब्यात टाकायचे, मग समोरच्यापुढे डबा धरायचे. समोर सरपंच असो की सरपंचाची सासू, मोबाइल डब्यात गेल्याशिवाय संभाषण सुरू होत नसे. मग हळू आवाजात कुजबुज चालायची. मी शिलाई मशीन थांबवायची. मशीन थांबली की पलीकडची कुजबुजही थांबायची. एकदा तर प्लायवूडवर टकटक झाली.

“ताई, मशीन चालू द्या ना. तुमची मशीन बंद झाली की ह्या माउलीचं बोलनं बंद होते.”

मी मशीन चालू केली. कापड नव्हतं खाली. नुसतीच चालवली.

त्यांचा एक शब्द ठरलेला होता, ‘इचारून सांगतो’. त्यांना काहीही विचारा, उत्तर हेच. एकदा मी म्हटलं, “भाऊ, त्या रिठदच्या पोरीचं शिक्षन किती झालं?”

“इचारून सांगतो.”

“आता कोनाले इचारता? तुमीच तं तिचा फोटो काढला, वहीत लिवून बी असन.”

“वहीत हाय. पन ते तिचं हाय ना. तिले इचारून सांगतो.”

मुलगी बी.ए. झाली होती. गावभर माहीत होतं. भाऊंनी तिला विचारलं, दुसऱ्या दिवशी येऊन मला सांगितलं, “बी.ए. सांगा म्हनलं तिनं.”

असल्या माणसाशी स्पर्धा कशी करायची, सांगा. मी झटपट काम करणारी बाई आहे. मोबाइलवर माझा ग्रुप होता, तीन तालुक्यांतली दोनशे घरं त्यात. सकाळी बायोडाटा आला की दुपारी ग्रुपवर. भाऊ सहा महिन्यांत तीन लग्नं जुळवायचे, मी आठ जुळवायची. तरी बायका म्हणायच्या, “तुमी आहात म्हना, पन भाऊले इचारलं का?”

एकदाच त्यांनी कारण सांगितलं होतं, तेही मी टोमणा मारल्यावर. मी म्हटलं होतं, “भाऊ, फोटोच्या कॉप्या देत नाई म्हंता, एवढं सोनं लागलं का त्याले?” तेव्हा ते कॅमेऱ्याची काच पुसत होते. म्हणाले, “दुकान नवं व्हतं तवाची गोठ हाय. एक पोरगा आला, म्हने बहिनीच्या फोटोची दुसरी कॉपी द्या. मी देली. तो भाऊ नव्हता तिचा.” पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. काच पुसत राहिले. मीही विचारलं नाही, आणि मी न विचारण्यातली बाई नाही.

माझी चूक झाली ती पेन्सिलीमुळे. मला बायोडाट्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपल्यापुरतं लिहून ठेवायची सवय होती. मुलगी कशी, घर कसं, कुठे सांभाळून बोलायचं. आसेगावच्या एका भाजीपाला करणाऱ्या बागाईतदाराच्या मुलीचा बायोडाटा आला होता. मी कोपऱ्यात लिहिलं, ‘पोरगी सोन्यासारखी. बाप तापट. आधी आईशी बोलणे.’ दिवाळीच्या शिलाईची गर्दी होती. घाईत तसाच फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, कोपऱ्यासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलीचा बाप दुकानात हजर. त्याने कापायच्या टेबलावर अशी मूठ आपटली की कात्री उडून खाली पडली.

“कोन म्हंते मी तापट हाय?”

“कोनीच म्हनत नाई, दादा. बसा ना.”

“बसत नसतो मी! दोनशे घरायनं वाचलं! माह्या साळ्यानं मले फोन करून इचारलं, म्हने तुमच्याशी बोलू का आमच्या ताईशी बोलू!”

मला हसू येत होतं आणि ते मी दाबत होते. पण मग तो खाली बसला आणि हळूच म्हणाला, “दोन ठिकानी बोलनी चालू व्हती पोरीची. दोन्ही घरं चूप झाली आता.” तेव्हा हसू गेलं. तापट माणूस ओरडतो तोवर ठीक असतं.

तो गेल्यावर भाऊ चहा घेऊन आले. ते टोमणा मारतील म्हणून मी तयार बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, “तो फोटो कितीक जनायनं पाह्यला असन?”

“दोनशे तं ग्रुपातच हायत.”

“अन् त्याईनं पुढं पाठवला असन.” असं म्हणून ते चहा न पिताच परत गेले. दुपारपर्यंत ते आपली लाल कापडी पुठ्ठ्याची वही मांडीवर घेऊन बसलेले दिसले. त्या वहीला त्यांनी कडी बसवून छोटं कुलूप लावलं होतं. संध्याकाळी प्लायवूडपाशी उभे राहून म्हणाले, “ताई, माह्या वहीचाबी फोटो निंघू शकते. मी चहा आनाले गेलो, कुलूप उघडं राह्यलं, बस झालं.”

त्या दिवसापासून त्यांनी वहीसाठी स्थळ शोधायला घेतलं. हा त्यांचाच शब्द. लोक नोंदी ठेवायला मोबाइलमधलं एखादं ॲप उघडतात आणि लिहायला लागतात. भाऊंनी प्रत्येक ॲपची चौकशी केली, मुलाची करतात तशी. फोटोंची जुनी पाकिटं होती त्यांच्याकडे ढीगभर. एका पाकिटावर एक ॲप, वर नाव, खाली प्रश्न. राह्यते कुठं? खाते काय? घरात कोन कोन हाय? पोरीले माहेरी येऊ देईन का?

मी म्हटलं, “कायले एवढा खटाटोप? तुमच्या मोबाइलात हाय ना आधीचंच लिवाचं ॲप.”

“ते मोबाइलसंगं आंदनात आलं. आंदनातल्याची चौकशी कोनं केली?”

माझ्या मुलीने बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं होतं. ती तेव्हा माझ्याच दुकानात बसून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. भाऊ तिला हाका मारायचे आणि ती जायची. मी हाक मारली की “आली, दोन मिनिटं” म्हणायची. तिथे ती इंग्रजीतली माहिती वाचून दाखवायची आणि भाऊ डोळा बारीक करून ऐकायचे. इकडून मला सगळं ऐकू यायचं, कारण हे काही कोणाचं गुपित नव्हतं.

पहिलं ॲप दिसायला फारच देखणं होतं. रंगीत पानं, चित्रं, सगळं. भाऊ म्हणाले, “पोरगं राजबिंडं हाय. राह्यते कुठं?” मुलगी म्हणाली, “त्याईच्या कम्प्युटरवर, परदेशात.” “म्हंजे आपली पोरगी परदेशी द्याची, अन् भेटाले जाचं तं त्याईच्या मर्जीनं. नाई जमत.” पाकिटावर फुली.

दुसरं फुकट होतं. “फुकट हाय तं खाते काय?” मुलीने वाचून सांगितलं की ते लोक आपण काय लिहितो त्यावरून जाहिराती दाखवतात. “आपल्याच पोरीच्या गोठी इकून खाते! उठा इथून.” जणू समोर पाहुणे बसले होते.

तिसऱ्यात नोंदींना कुलूप होतं, पण किल्ली कंपनीकडे. भाऊ म्हणाले, “कुलूप आपलं अन् किल्ली सासूच्या कंबरेले.” चौथ्यात लिहिलेलं सगळं नंतर बाहेर काढून दुसरीकडे नेता येत नव्हतं. तिथे ते एवढंच म्हणाले, “एकदा गेली की माहेर बंद.”

असं चालून शेवटी माझी मुलगी वैतागून म्हणाली, “काका, तुमाले कोनाच्याच घरी पोरगी द्याची नाई.”

“नाईच द्याची. मले घरजावई पाह्यजे.”

आणि तसा प्रकार असतो म्हणे. ॲप आपल्याच घरातल्या कॉम्प्युटरवर बसवायचं, नोंदी आपल्याच घरात राहतात, बाहेर कोणाकडे जात नाहीत. भाऊ इतके खूश झाले की त्यांनी मला पलीकडे बोलावून सांगितलं. मी व्यवहारी बाई. मी म्हटलं, “घरजावई आनसान, मंग त्याचं दुखनंखुपनं बी तुमच्याच गळ्यात. कंपनीवाल्याची वही बिघडली तं कंपनी पाह्यते. तुमची बिघडली तं कोन पाह्यन?”

हे त्यांना पटलं. माझं पटलेलं एवढं एकच. म्हणाले, “बरोबर हाय ताई. मंग आधी वागवून पाहू.”

तीन घरजावई त्यांनी दोन-दोन आठवड्यांच्या बोलीवर घरात ठेवले. स्टुडिओतला जुना छोटा कॉम्प्युटर पुसून त्यावर मुलीने ते एकेक बसवले. परीक्षा अशी की भाऊ काहीतरी लिहायला बसायचे आणि मध्येच मेन स्विच पाडायचे. आमच्याकडे लाइट जाते हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते स्वतःच घालवायचे. दोन्ही दुकानांचा स्विच एकच. माझी मशीन टाका घालता घालता थांबायची.

“भाऊ! गिऱ्हाईक बसलं हाय माह्याकडं!”

“एक मिनिट ताई. जावई मेला का जिता हाय ते पाहून राह्यलो.”

पहिला दुसऱ्याच दिवशी मेला. अर्धी नोंद खाऊन गेला. दुसऱ्याला मोठा कॉम्प्युटर लागायचा आणि तो सारखं काहीतरी नवं मागायचा. तिसरा दिसायला अगदीच साधा. पांढरं पान, काळी अक्षरं. पण दहादा लाइट घालवली तरी एक अक्षर हललं नाही. शिवाय प्रत्येक नोंद साध्या फाइलमध्ये. मुलीने सांगितलं, “काका, उद्या हे ॲप बंद पडलं तरी हे वाचता येईन.” भाऊंनी तिथेच पाकिटावर कुंकवाचं बोट लावलं. रोज एक प्रत पेन ड्राइव्हवर. एक पेन ड्राइव्ह घरी तूरडाळीच्या डब्यात, दुसरा इंझोरीला बहिणीकडे. त्यावरही कुलूप. पासवर्ड फक्त त्यांच्या डोक्यात.

नियम त्यांनी स्वतःच केला. ज्याची नोंद, त्याला ती कधीही दाखवायची. बाई आली की स्क्रीन तिच्याकडे वळवून वाचून दाखवायचे, ती म्हणेल ते खोडायचे. दुसऱ्या कोणालाही दाखवायची नाही. नवऱ्यालाही नाही, आईलाही नाही.

लाल वही उतरवून झाल्यावर त्यांनी ती जाळली नाही. “जाळलं की अर्धं पान उडून कोनाच्या आंगनात पडते.” त्यांच्या बायकोने ती पानं चार दिवस पाण्यात भिजवली, मेथीचे दाणे घालून वाटली आणि त्या लगद्याची दोन टोपली केली. एक त्यांनी मला दिलं. तालुक्यातलं सगळं खरं माझ्या हातात आलं आणि मी त्यात ब्लाउजच्या काजाच्या पट्ट्या ठेवल्या. खोटं कशाला सांगू, मी ते टोपलं उन्हात धरून पाहिलं होतं. एका ठिकाणी ‘नाही’ असं वाचता आलं. बाकी सगळा लगदा.

माझ्या मुलीचं त्याआधी एकदा लग्न ठरून साक्षगंध झालं होतं आणि मोडलं होतं. का मोडलं, हे मला तिने सांगितलं तेवढंच माहीत होतं. ‘नाही जमलं.’ लोकांना सांगायला मी एक कारण तयार केलं होतं, की त्यांनी गाडी मागितली, आम्ही नाही म्हटलं. ते मी इतक्या वेळा सांगितलं की मला तेच खरं वाटायला लागलं होतं.

मग रिठदहून एक घर तिला पाहायला आलं. कांद्याचं बी करणारे लोक, बरी शेती, मुलगा शिकलेला. स्थळ भाऊंचं. मी पोह्यांच्या प्लेटा घेऊन बाहेर आले, खाली बसले आणि माझं तयार कारण काढलं, “तुमच्यापासून कायले लपवाचं, मागं एक साक्षगंध झालं व्हतं…”

मुलाची आई मधेच म्हणाली, “आमाले सगळं माहीत हाय, बाई. तुमच्या पोरीनंच भाऊले म्हनलं व्हतं, की त्याईले सांगा. भाऊनं येऊन सांगतलं. आमचं काई म्हननं नाई.”

मी पोहे वाढले. एकीला दोनदा वाढले बहुतेक. ही बाई पहिल्यांदा माझ्या घरात आली होती आणि तिला माझ्या मुलीचं ‘सगळं’ माहीत होतं. मला नव्हतं.

ते जमलं नाही. मुलीनेच नाही म्हटलं. मुलाला पुण्याला जायचं होतं, हिला इथेच राहायचं होतं. पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला दुसरंच खात होतं. पाहुणे गेल्यावर मी तिला विचारलं, “सगळं म्हंजे काय?”

ती कपबशा विसळत होती. “आई, तुले सांगतलं असतं तं तू पेन्सिलनं लिवलं असतं.”

मी तिथून सरळ भाऊंच्या दुकानात गेले. मोबाइल स्वतःहून डब्यात टाकला आणि बसले.

“माह्या पोरीचं काय लिवलं हाय तुमी?”

त्यांनी माझ्याकडे तो बारीक डोळा लावून पाहिलं. मला माहीत होतं काय म्हणणार ते.

“इचारून सांगतो.”

आणि खरंच उठले, माझ्या घरापर्यंत चालत गेले, तिला विचारलं आणि परत आले. मी तोवर तिथेच बसले होते.

“नाई म्हनते,” ते म्हणाले. “चहा घेसान?”

त्यानंतर मी जे केलं ते सांगण्यासारखं नाही, पण भाऊंनी ते लिहूनच ठेवलं आहे तेव्हा लपवून उपयोग नाही. इंटरनेटचं कनेक्शन दोन्ही दुकानांत एकच होतं. घरजावई कोणत्या पत्त्यावर बसतो ते मी त्यांच्या स्क्रीनवर कितीदा पाहिलं होतं. एका दुपारी भाऊ जेवायला घरी गेले तेव्हा मी माझ्या मोबाइलवर तो पत्ता उघडला. त्याने पासवर्ड मागितला. त्यांच्या बायकोचं नाव टाकलं. गावाचं टाकलं. स्टुडिओचं टाकलं. पहिल्या कॅमेऱ्याचं नाव टाकलं. सहाव्यांदा त्याने सांगितलं की आता काही वेळ दार बंद.

सकाळी भाऊ दोन कप घेऊन आले.

“ताई, काल दुपारी कोनीतरी सहा वेळा दार वाजवलं.”

“कोनाचं दार?”

“जावयाचं. तिथं सगळं लिवलेलं राह्यते. कितीक वाजता, कोनत्या मोबाइलवरून.” माझ्या मोबाइलला मुलीने दुकानाचंच नाव देऊन ठेवलं होतं, मोठ्या अक्षरांत.

“असन कोनी गिऱ्हाईक. इथं बसले बसले…”

“असन,” ते म्हणाले. “मी कोनाले सांगत नाई. फक्त नोंद करून ठेवली. तुमच्या नावानं हाय. पाह्याची असन तं कवाबी दाखवतो, तुमचा हक्क हाय.”

ओरडले असते तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण त्या माणसाने माझंही गुपित बाकीच्यांच्या गुपितांशेजारी नीट ठेवून दिलं, आणि ते खरोखरच कोणाला कळलं नाही. माझ्या मुलीलाही नाही. मी ती नोंद कधी पाहिली नाही.

दोन वर्षांनी भाऊंचे डोळे गेले. अगदी गेले नाहीत, पण फोटो काढण्याएवढे राहिले नाहीत. त्यांचा मुलगा नागपूरहून न्यायला आला. स्टुडिओ बंद होणार हे कळल्यावर सगळ्यांनी एकच प्रश्न केला, आता ती मशीन कोणाकडे? मशीन म्हणजे तो छोटा कॉम्प्युटर. मला वाटलं, दुसरं कोण आहे? मी शेजारी, मी अनुभवी, मी याच कामातली. ती मशीन माझ्या टेबलावर कशी दिसेल हे मी ठरवूनही टाकलं होतं. मला लग्नं जास्त जमवायची नव्हती. एकदा कोणीतरी माझ्यासमोर बसून, आवाज खाली करून, मला सांगावं एवढंच हवं होतं.

निघायच्या आठवड्यात भाऊ माझ्या दुकानात आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

“ताई, मशीन तुमाले देली तं पह्यलं काम काय करसान?”

मी तयार होते. “पह्यले सगळे बायोडाटे बाहेर काढीन, जोड्या लावीन. माहिती नुसती दाबून ठेवून काय लोनचं घालाचं हाय? एका उन्हाळ्यात चाळीस लग्नं लावून दाखवतो.”

ते म्हणाले, “चांगलं हाय,” आणि उठले. मी मनात म्हटलं, झालं.

त्याच दुपारी त्यांनी माझ्या मुलीला हाच प्रश्न विचारला. ती म्हणाली म्हणे, “पह्यले एकेकाले भेटून इचारीन, तुमची नोंद राहू द्यू का काढून टाकू.”

मशीन तिला मिळाली. पेन ड्राइव्ह तिला, स्टीलचा डबा तिला, पासवर्ड तिला. त्यांनी तो तिच्याच हाताने बदलून घेतला, त्यामुळे आता त्यांनाही तो माहीत नाही. स्टुडिओचा अर्धा गाळाही तिने घेतला. पासपोर्ट फोटो काढते, फॉर्म भरते आणि बाकीचं करते.

मी भाऊंशी दोन दिवस बोलले नाही. मग ते जायला निघाले तेव्हा न राहवून विचारलं, “माह्या उत्तरात काय खोट व्हती?”

“काईच नाई. लग्नं तुमीच जास्त लावसान.” त्यांनी पायात चपला सरकवल्या. “पन मी लग्नाचं इचारलंच नव्हतं ना ताई.”

अजून नागपूरहून त्यांचा फोन येतो. माझ्याशी हवापाण्याच्या गोष्टी करतात, मग म्हणतात, पोरीले द्या. ती फोन घेऊन पलीकडे जाते. तिला भाऊंच्या सगळ्याच नोंदी वाचता येतात. म्हणजे माझीसुद्धा. तिने वाचली की नाही, मला माहीत नाही. वाचली असली तरी तोंडावर दिसत नाही. मी जन्म दिलेल्या मुलीचं तोंड मला वाचता येत नाही, आणि भाऊंना ते एका फोटोत वाचता आलं.

परवा इंझोरीची एक बाई आली. चाळिशीची, हातात कापडी पिशवी, पिशवीत काही नाही. गाळ्यासमोर दोन चकरा मारून झाल्या होत्या तिच्या. मुलगी आत एकटीच होती. मी दाराशी बसून हूक लावत होते.

“भाऊ गेले म्हंते,” ती म्हणाली.

“गेले. आता पोरगी पाह्यते.”

“तुमी तिच्या आई ना?” तिने मला ओळखलं होतं. पेन्सिलीची गोष्ट इंझोरीपर्यंत गेलेली आहे. “मंग राहू द्या. आई-लेकी एका घरच्या. आज तिले सांगतलं की सांजीले तुमाले समजनच.”

ती वळलीसुद्धा. आत मुलीने मान वर केली नाही. तिला हे ऐकू गेलं होतं. मला हे सांगणं सोपं होतं, की हो बाई, तिचं राहू द्या, माझ्याकडे बायोडाटा द्या, मी बघते. माझ्या तोंडावर ते आलंही होतं.

“इकडं या,” मी म्हटलं. “मी तिची आई हाय. तिचं साक्षगंध काहून मोडलं, हे रिठदच्या एका बाईले माहीत हाय, नागपूरच्या म्हाताऱ्याले माहीत हाय. मले अजून माहीत नाई. चार वर्षं झाली. रोज इचारतो, रोज नाई म्हंते. मलेच सांगत नाई, तं तुमचं कायले सांगन?”

मी खोटं बोलत असते तर एवढी चिडले नसते, हे त्या बाईला दिसलं असावं. तिने चपला काढल्या आणि आत गेली. आतून डब्यात मोबाइल पडल्याचा आवाज आला.

मी हूक, दोरा, स्टूल उचललं आणि दार ओढून घेतलं. बाहेरून.